परभाषेच्या अंगणांत : ‘केवढ्याला?’ हा फ्रेंच प्रश्न

गेल्या पंधरवड्यांत या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांतील एक आज मुद्दाम पुढें घेतलें आहे. पत्रलेखिका मुख्याध्यापिकेच्या जागेवरून निवृत्त झालेल्या असून त्यांची कन्या व जांवई फ्रान्समधील लियों शहरीं राहतात. कन्येचें पहिलें बाळंतपण तेथेंच व्हावयाचें असल्यामुळें या बाई सहा महिन्यांसाठीं तिकडे जावयास निघाल्या आहेत. त्या लिहितात, “व्याकरण शिकण्याची हौस आतां उरली नाहीं. परंतु जांवई दिवसभर कामावर, मुलगी अवघडलेली, आणि मी पावशेर भाजीसाठीं त्यांच्या तोंडाकडे पाहत बसावयाचें, हें माझ्याच्यानें होणार नाहीं. मला बाजारांत एकटीनें जातां आलें पाहिजे. भाव कसा विचारावा तेवढें सांगावें.”

बाईंची मागणी लहान दिसते, पण तिच्या पाठीमागची व्यथा लहान नाहीं. ज्या स्त्रीनें चाळीस वर्षें घर चालविलें, हिशेबाची वही लिहिली, पैशापैशाला जपून मुलांना शिकविलें, तिला परमुलुखीं गेल्याबरोबर कोथिंबिरीची जुडीसुद्धां स्वतः आणतां येऊं नये, हें मनाला फार लागतें. अशा वेळीं माणूस हळूहळू घराबाहेर पडेनासें होतें. मग खिडकींत बसून दिवस मोजणें एवढाच उद्योग उरतो. भाव विचारतां येणें ही स्वतःच्या पायांवर उभें राहण्याची पहिली पायरी आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून आजचें संपूर्ण प्रकरण त्या एका प्रश्नाला वाहिलें आहे.

प्रथम मुख्य शब्द. तो म्हणजे ‘कोंब्यँ’. यांतील दोन्ही अनुस्वार नाकांतून काढावयाचे; शेवटीं ‘न’ किंवा ‘म’ स्पष्ट ऐकूं येतां कामा नये. आपल्या ‘किती’ या शब्दाप्रमाणेंच हा शब्द संख्येला, मापाला व किंमतीला सारखाच चालतो. मात्र आपल्या मराठी प्रश्नाचें अक्षरशः भाषांतर करण्याच्या मोहांत पडूं नये. आपण मंडईंत ‘मेथी कशी दिली?’ असें विचारतों. यांतील ‘कशी’चें भाषांतर करून फ्रेंच भाजीवालीला विचारलें, तर ती बिचारी ‘अशी, हातानें दिली’ यापलीकडे काय सांगणार? भावाच्या प्रश्नांत तेथें ‘कशी’ला जागा नाहीं, सर्व भार ‘किती’वरच असतो.

या एका ‘कोंब्यँ’पासून व्यवहारांतील चार प्रश्न तयार होतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

पहिला : ‘से कोंब्यँ?’ म्हणजे ‘हें केवढ्याला?’ एखादी वस्तु समोर आहे, तिच्याकडे बोट दाखवितां येतें, अशा वेळीं हाच प्रश्न सर्वांत सोपा व सर्वांच्या तोंडीं असलेला. क्रमिक पुस्तकांत ‘कोंब्यँ सा कूत्?’ असें शिकवितात. तेंही बरोबरच आहे. त्यांत एक सोय अशी कीं, वस्तु एक असो वा अनेक, क्रियापदाचें लेखन बदललें तरी उच्चार ‘कूत्’ हाच राहतो. चुकण्याचें भय नाहीं.

दुसरा : ‘आ कोंब्यँ सों ले कारोत्?’ म्हणजे ‘गाजरें आज काय भाव?’ ज्या जिनसांचे भाव रोज वरखालीं होतात, म्हणजे भाजी, फळें, मासळी, त्यांच्यासाठीं हा प्रश्न. सुरुवातीचा तो चिमुकला ‘आ’ विसरूं नये. भावाचा चढउतार त्यांत सुचविलेला असतो.

तिसरा : ‘सा फे कोंब्यँ?’ म्हणजे ‘एकंदर किती झाले?’ हा प्रश्न खरेदी संपल्यावर, पिशवी भरल्यावर.

चौथा : ‘कोंब्यँ झ व्हू द्वा?’ म्हणजे ‘मी आपलें किती देणें लागतें?’ वस्तूपेक्षां सेवेचे पैसे द्यावयाचे असले, जसे टॅक्सीवाल्याला, नळदुरुस्ती करणाऱ्याला किंवा कॉफीगृहांत, तर हा प्रश्न फार शोभतो. आपल्या ‘देणें लागतें’ या शब्दांतील ऋणाची छटा यांत जशीच्या तशी आहे. उपाहारगृहांत मात्र जेवण झाल्यावर ‘लादिस्यों, सिल् व्हू प्ले’ म्हणजे ‘कृपया हिशेब आणा’ एवढें म्हटलें कीं पुरे. तेथें पदार्थांच्या यादींत छापलेल्या किंमतींतच सेवेचा आकार धरलेला असतो. वर कांहीं ठेवावयाचें तें आपल्या खुषीनें.

आतां या चारही प्रश्नांच्या आधीं जो शब्द लागतो, तो मीं मुद्दाम मागें ठेविला होता. कारण त्याची किंमत मी स्वतः फजिती करून घेऊन शिकलें.

कित्येक वर्षांपूर्वी मी प्रथमच लियोंस गेलें होतें. सोन नदीच्या कांठीं सँ-तांत्वान घाटावर उघड्यावर भरणारा बाजार पाहून मला घरची आठवण झाली व धीर आला. एका गाडीवर उत्तम चेरीं मांडलीं होतीं. मी पुढें होऊन स्पष्ट उच्चारांत विचारलें, ‘कोंब्यँ?’ विक्रेती प्रौढ बाई होती. तिनें माझ्याकडे पाहून म्हटलें, ‘बोंझूर, मादाम्.’ मला वाटलें, तिला ऐकूं आलें नसावें. मीं आवाज चढवून पुन्हां विचारलें, ‘कोंब्यँ?’ तिनेंही तितक्याच ठामपणें उत्तर दिलें, ‘बोंझूर, मादाम्!’ आजूबाजूचीं माणसें पाहूं लागलीं. माझे कान तापले. माझ्या रंगामुळें, माझ्या साडीमुळें ही बाई मला भाव सांगत नाहीं, असें मनानें घेतलें आणि मी तशीच माघारी फिरलें. त्या रात्रीं घरीं लिहिलेल्या पत्रांत मीं त्या शहराविषयीं फार कडू शब्द लिहिले.

मी जेथें राहत होतें, त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. त्यांना मीं दुसऱ्या दिवशीं सर्व हकीकत सांगितली. त्या रागावल्या नाहींत, हंसल्याही नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, “तूं तिला नमस्कार केला होतास का?” मी निरुत्तर झालें. पुढच्या शनिवारीं त्या मला आपल्याबरोबर घेऊन गेल्या. प्रत्येक गाडीपाशीं त्या क्षणभर थांबत, ‘बोंझूर मादाम्’ किंवा ‘बोंझूर मस्यो’ म्हणत, समोरून तसेंच उत्तर येई, आणि मगच भावाची गोष्ट निघे. त्याच चेरींवाल्या बाईसमोर त्यांनीं मला पुढें केलें. मीं नमस्कार केला, भाव विचारला. तिनें तो हंसतमुखानें सांगितला आणि चव पाहण्यासाठीं दोन चेरीं माझ्या हातावर ठेविलीं. मला ओशाळल्यासारखें झालें. तिनें मला भाजीबाजारांतील साधी रीत शिकविली होती व मीं तिला मनांत दूषणें देत आठवडा घालविला होता.

परदेशीं आपल्याला खरोखरच कोणी तुच्छ लेखीत नाहीं असें मी म्हणत नाहीं. तसे प्रसंगही येतात, आणि ते ओळखतां आले पाहिजेत. परंतु ते ओळखतां यावेत यासाठींच आधीं तेथील रीत ठाऊक हवी. फ्रान्समध्यें दुकानांत पाऊल ठेवणें हें एखाद्याच्या ओसरीवर चढण्यासारखें मानतात. ओसरीवर चढून आपण ‘काय, बरें आहे ना?’ म्हणतों; तसेंच तेथें ‘बोंझूर’. त्यावांचून विचारलेला प्रश्न कितीही शुद्ध असला तरी तो उर्मटपणाचा वाटतो. उलट ‘बोंझूर’ म्हणून मग मोडकेंतोडकें बोललें तरी माणसें सांभाळून घेतात. निघतांना ‘मेर्सी, ओ रव्वार’ म्हणावें. कांहींच घेतलें नसलें तरीही.

भाव विचारणें साधलें, तरी उत्तर समजलें पाहिजे. आणि येथें खरी कसोटी लागते. पहिला खळगा दोन आणि बारा यांचा. दोन युरो म्हणजे ‘दो-झोरो’ व बारा युरो म्हणजे ‘दूझ-ओरो’. भरभर बोलण्यांत दोहोंमध्यें केवळ पहिल्या स्वराचा फरक उरतो. या ‘दो’मधील स्वर आपल्याकडे नाहीं, ओठ ‘ओ’सारखे गोल करून जिभेनें ‘ए’ म्हणावें म्हणजे तो साधारणपणें जमतो. शंका आली तर ओशाळूं नये. बोटें दाखवून खात्री करून घ्यावी.

दुसरा खळगा सत्तरापासून पुढें. फ्रान्समधील फ्रेंचांत सत्तराला स्वतंत्र शब्द नाहीं. ‘साठ-दहा’ म्हणजे ‘स्वासांत्-दीस्’ असें म्हणतात. ऐंशीला ‘चार विसा’ म्हणजे ‘कात्र्-व्हँ’, आणि नव्वदाला ‘चार विसा दहा’. सत्त्याण्णव म्हणावयाचे तर चार विसा, दहा आणि सात! ऐकणाऱ्याच्या कानावर आधीं ‘चार’ पडतो. तो चार नाणीं काढूं लागतो, तोंच संख्या पुढें पळालेली असते. त्यांतही ‘कात्र् ओरो व्हँ’ म्हणजे ४ युरो २० सेंट, आणि ‘कात्र्-व्हँ-झोरो’ म्हणजे ८० युरो. शब्द तेच, फक्त युरोची जागा निराळी. पण पिशवीला पडणारा फरक केवढा!

हें पाहून हंसूं येतें खरें, परंतु आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्या बायाही विसांनीं मोजीत असत आणि आपल्याकडे ‘कोडी’ म्हणजे वीस नग, हें विसरूं नये. विसांनीं मोजण्याची रीत जुन्या फ्रेंचांत याहूनही अधिक रूढ होती. तेराव्या शतकांत राजा नववा लुई यानें तीनशें अंधांसाठीं पॅरिसमध्यें जें आश्रयस्थान काढलें, त्याचें नांव ‘कँझ-व्हँ’, म्हणजे ‘पंधरा विसा’. तें आज नेत्ररुग्णालय म्हणून चालू आहे. फ्रान्सची सीमा ओलांडून बेल्जममध्यें किंवा स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागांत गेलें, तर सत्तराला ‘सेप्तांत्’ व नव्वदाला ‘नोनांत्’ असे सुटसुटीत शब्द मिळतात. ज्यांच्या कानाला संस्कृत परिचित आहे त्यांना ‘सेत्’मध्यें सप्त, ‘नोफ्’मध्यें नव आणि ‘दीस्’मध्यें दश यांचे दूरचे भाऊबंद भेटतील. हीं नातीं ध्यानांत ठेविलीं तर पाठांतर हलकें होतें.

तिसरा खळगा लिखाणांतला. तेथें दशांशचिन्हाच्या जागीं स्वल्पविराम लिहितात. तागडीवर ‘१,२५०’ असा आंकडा दिसला तर तो बाराशें पन्नास नव्हे. तो सव्वा किलो होय. पाटीवर ‘३,५०’ असलें तर साडेतीन युरो समजावे. पाटीवर किंमत लावणें तेथें दुकानदारावर कायद्यानें बंधनकारक आहे. म्हणून विचारण्याआधीं पाटी पाहावी. मात्र ती नीट वाचावी : ‘ल किलो’ म्हणजे किलोस, ‘ला प्येस्’ म्हणजे नगास, आणि ‘ला बोत्’ म्हणजे जुडीस.

मापांचीही एक गंमत आहे. फ्रान्सनें १७९५ सालीं कायद्यानें मेट्रिक मापें आणलीं, तरी बाजारांत ‘यून लीव्र्’ म्हणजे अर्धा किलो व ‘यून दमी-लीव्र्’ म्हणजे पाव किलो असें अजून बोलतात. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें शेर गेला, तरी ‘पावशेर मिरच्या’ कांहीं गेल्या नाहींत, तसेंच तें. ‘यून’ म्हणण्यास मात्र चुकूं नये. ‘अँ लीव्र्’ म्हटलें तर त्याचा अर्थ ‘एक पुस्तक’ असा होतो. आणि ‘शेर’ हा शब्द कानीं पडला तर आपलें जुनें माप आठवूं नका. फ्रेंचांत ‘शेर’ म्हणजे महाग. तोच शब्द ‘प्रिय’ या अर्थींही चालतो, एवढें त्यांतल्या त्यांत समाधान.

वस्तु महाग वाटली तर काय करावें? आपण सुशिक्षित कुटुंबांतील स्त्रिया येथें उगाच संकोचतों. भाव विचारला म्हणजे घेतलेंच पाहिजे, नाहीं तर आपल्याला कंगाल समजतील, अशी भीति परदेशीं अधिकच वाटते. माझ्या मालकीणबाई भाव ऐकून सरळ म्हणत, ‘से-तँ पो शेर’, म्हणजे ‘जरा महाग आहे’. आणि ‘मेर्सी, बॉन् झूर्ने’ म्हणजे ‘आभारी आहे, आपला दिवस चांगला जावो’ असें म्हणून पुढें जात. दुकानांत असलें तर ‘झ व्हे रेफ्लेशीर’, म्हणजे ‘विचार करून सांगतें’, हें वाक्य फार उपयोगी पडतें. घेण्याची इच्छा आहे पण बेताचें हवें असेल, तर ‘केल्क शोझ द म्वँ शेर’, म्हणजे ‘याहून कमी किंमतीचें कांहीं’, असें विचारावें. यांत कोणासही गैर वाटत नाहीं. काटकसर हा तेथल्या गृहिणींचाही मोठा गुण आहे.

घासाघीस मात्र दुकानांत करूं नये. ठरलेल्या व लिहिलेल्या किंमतीची चाल तेथें चांगली मुरली आहे. १८५२ पासून आरिस्तिद बुसिको यानें पॅरिसमधील ‘बों मार्शे’ या दुकानांत प्रत्येक वस्तूवर किंमतीची चिठ्ठी लावून ती सर्वांना सारखीच ठेविली. पाहणाऱ्यानें घेतलेंच पाहिजे, ही सक्तीही त्यानें काढून टाकली. अशाच एका दुकानाच्या वाढीवर एमिल झोला यानें १८८३ सालीं कादंबरी लिहिली. ‘बों मार्शे’ या शब्दांचा अर्थ ‘स्वस्त’ असा आहे. आज तें दुकान श्रीमंतांचें झालें आहे, ही गोष्ट निराळी. जुन्या वस्तूंच्या बाजारांत, म्हणजे ‘ब्रोकांत्’मध्यें, थोडी घासाघीस चालते. लहानग्याचे कपडे घ्यावयाचे असतील, तर वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जूनअखेरीस, सरकारनें नेमून दिलेल्या काळांत ‘सोल्द’ लागतात. २०२० पासून त्यांची मुदत चार आठवडे आहे. त्या वेळीं किंमती खरोखर उतरतात.

आणखी एक सूचना मनाच्या स्वास्थ्यासाठीं. प्रत्येक भावाला रुपयांनीं गुणूं नका. पहिले पंधरा दिवस हा मोह आवरत नाहीं, आणि मग गाजर घशाखालीं उतरत नाहीं. फ्रेंच लोकांनाही असे दिवस काढावे लागले आहेत. १९६० सालीं जुन्या शंभर फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला. त्यानंतरही कित्येक वृद्ध माणसें जन्मभर जुन्याच फ्रँकांत बोलत राहिलीं. २००२ सालीं युरोचीं नाणीं आलीं, तेव्हां एका युरोला ६.५५९५७ फ्रँक या दरानें पुन्हां गुणाकार करणें त्यांच्या नशिबीं आलें. १९५७ सालीं आपल्याकडे नवे पैसे आले असतां आपल्या आज्याही असाच हिशेब करीत, आणि ‘चार आणे’ हे शब्द अजून आपल्या तोंडून सुटले नाहींत. म्हणून तेथील भाव तेथील भावांशींच ताडून पाहावा : या गाडीवर किती, पलीकडच्या गाडीवर किती. ही तुलना तर आपल्याला जन्मभराच्या संवयीची आहे.

आतां सर्व एकत्र जुळवून एक छोटा संवाद देतों. तो मोठ्यानें चारपांच वेळां म्हणावा. घरांतील कोणास तरी भाजीवाली करावें.

— बोंझूर, मादाम्. (नमस्कार, बाई.)
— बोंझूर, मादाम्. व्हू देझिरे? (नमस्कार. काय देऊं?)
— आ कोंब्यँ सों ले कारोत्? (गाजरें काय भाव?)
— दो-झोरो ल किलो. (किलोस दोन युरो.)
— अँ किलो, सिल् व्हू प्ले. (कृपया एक किलो द्या.)
— ए आव्हेक् ससी? (आणखी काय?)
— यून बोत् द रादी. (मुळ्यांची एक जुडी.)
— स सरा तू? (एवढेंच ना?)
— से तू, मेर्सी. सा फे कोंब्यँ? (एवढेंच. किती झाले?)
— त्र्वा-झोरो सँकांत्. (साडेतीन युरो.)
— मेर्सी, बॉन् झूर्ने. (आभारी आहे. दिवस चांगला जावो.)

गाडीवरील फळें आपल्या हातानें चिवडूं नयेत. बहुतेक ठिकाणीं विक्रेता स्वतः निवडून देतो. खरबूज मागितलें तर ‘से पूर ओझूर्द्वी?’, म्हणजे ‘आजच खावयाचें का?’, असें तो विचारील आणि त्याप्रमाणें पिकलेलें किंवा थोडें कच्चें काढून देईल. अशा निवडीवर खुशाल विश्वास ठेवावा.

पत्रलेखिका बाईंना शेवटीं एक विनंती. पहिल्या दिवशीं मुलीला बरोबर नेऊं नका. ती असली म्हणजे तीच बोलेल. एकट्या जा, एकाच गाडीपाशीं जा, आणि एकच जिन्नस घ्या. दुसऱ्या शनिवारीं त्याच गाडीपाशीं पुन्हां जा. तिसऱ्या शनिवारीं ती विक्रेती आपण होऊन ‘बोंझूर’ म्हणेल, आणि चौथ्या शनिवारीं कदाचित् नातवंड झालें का, अशी चौकशीही करील. त्या चौकशीचें उत्तर कसें द्यावें, तें पुढील अंकीं पाहूं. तोंपर्यंत आपली कन्या सुखरूप मोकळी होवो, ही आम्हां सर्वांची सदिच्छा.